मशीद ओळंब्यात आणणारा अलाय

अलाय दिको हा गाईंना घाबरणारा फुलानी होता, आणि फुलानी म्हणजे पिढीजात गुराखी. बुर्किना फासोच्या कापूसपट्ट्यातल्या तिएरासो गावाला हसायला एवढी एक गोष्ट कित्येक वर्षं पुरली. त्याचे तिन्ही भाऊ गुरांचे कळप घेऊन उत्तरेकडे जायचे, आणि अलाय साधं वासरू जवळ आलं तरी भिंतीवर चढून बसायचा. शेवटी बापाने त्याला शहरात एका फोटोवाल्याकडे कामाला लावला. "कॅमेऱ्याला शिंगं नसतात," एवढंच बाप म्हणाला.

सहा वर्षांनी अलाय परत आला तो अंगाने दुप्पट होऊन, बरोबर एक कॅमेरा आणि निळ्या डोंगरांचा रंगवलेला पडदा घेऊन. बाजाराच्या तोंडाशी त्याने स्टुडिओ थाटला. धंदा चांगला चालला, कारण अलाय कुणाला कापत नसे. तिएरासोत फोटो म्हणजे माणूस डोक्यावरच्या टोपीपासून पायातल्या चपलेपर्यंत अख्खा दिसला पाहिजे. ईदला लोक नवे झगे घालून जुन्या मशिदीपुढे उभे राहायचे, तेव्हा अलाय मागे मागे सरकत थेट कोरोतिमीच्या भज्यांच्या कढईपर्यंत जायचा. दोनदा त्याची पँट तेलात भिजली होती.

मशीद होती मातीची, पांढुरकी, दोन निमुळत्या मनोऱ्यांची. मनोऱ्यांतून लाकडी वाशांची टोकं साळिंदराच्या काट्यांसारखी बाहेर आलेली. दर वर्षी पावसाळा संपला की गवंडी त्या वाशांवर पाय देऊन चढायचे आणि मातीचा नवा हात फिरवायचे. त्या गवंड्यांचा मुख्य लासिना मिलोगो, जमातीने बोबो. बोबो आणि फुलानी यांनी एकमेकांना भेटल्याबरोबर चिडवायचं, आणि कुणी रागवायचं नाही, हा तिकडचा जुना रिवाज. लासिना आणि अलाय तो इतक्या मनापासून पाळत, की एकमेकांना साधा सलाम केलेला कुणी पाहिला नव्हता.

एका वर्षी इमामसाहेबांच्या मनात आलं, की मशिदीचं कॅलेंडर छापावं. फोटोत माणूस एकही नको, नुसती मशीद हवी. अलायला बोलावणं गेलं. तो हो म्हणून बसला आणि मशिदीपुढे जाऊन उभा राहिला तेव्हा त्याच्या लक्षात आलं, की आजवर त्याने ऐकणाऱ्याचेच फोटो काढले होते. हनुवटी खाली घ्या, दोन पावलं मागे सरका, काकींच्या पुढून बाजूला व्हा, हे मशिदीला सांगून उपयोग नव्हता.

सरकायचं ते आता त्यानेच. तो मनोऱ्यांच्या पायाशी गेला, कॅमेरा वर उचलला आणि मशीद टोकापर्यंत आत घेतली. आठ दिवसांनी शहरातून फोटो धुऊन आला. इमामसाहेबांना आवडला, अजान देणाऱ्या मुअज्जिनला आवडला, कोरोतिमीनेही तेलकट बोटं पुसून तो पाहिला. मग लासिना आला. त्याने फोटो हातभर लांब धरला, जवळ धरला, मग भिंत सरळ आहे का ते बघायचा ओळंबा खिशातून काढला आणि त्याची दोरी फोटोवर सोडली.

"मशीद मागे पडतेय," तो म्हणाला.

अलायने समजावलं, की कॅमेरा वर केला की भिंती मागे झुकल्यासारख्या दिसतात, तो दोष भिंतीचा नाही.

"भिंतीचा नाहीच. माझ्या आज्याने बांधलीय ती. दोष तुझा आहे. तुम्ही फुलानी जन्मभर गाईच्या मागून चालता, तुम्हाला सरळ काय ते कसं कळणार?"

"मी गाईच्या मागून कधी चाललोच नाही."

"म्हणून तर तुला वाकडंही धड जमलं नाही."

इमामसाहेबांना आता तो फोटो बघवेना. बघितला की तेही खुर्चीत जरा पुढे झुकून बसायचे.

दुसऱ्या खेपेला अलाय बाजारापलीकडे गेला. तिथून कॅमेरा सरळ धरता आला आणि भिंतीही सरळ आल्या. पण फोटोत पुढे रस्ता, रस्त्यावर कापसाची गाडी, गाडीमागे कुणाच्या तरी गाढवाचा पार्श्वभाग, आणि या सगळ्याच्या मागे बोटाएवढी मशीद. इमामसाहेबांनी चष्मा लावून ती शोधली. गाढव मात्र फार सुरेख आलं होतं. त्याचा मालक दोन प्रती मागून गेला.

अलाय रात्रभर तळमळला. पहाटे त्याला उमगलं: जवळच राहायचं, पण कॅमेरा मनोऱ्याच्या अर्ध्या उंचीवर न्यायचा, म्हणजे वर बघावं लागणार नाही आणि खालीही नाही. मशिदीसमोर तेवढ्या उंचीचं एकच ठिकाण होतं, कोरोतिमीच्या घराचं मातीचं सपाट छत, म्हणजे धाबं. तिथे तिची भेंडी वाळत होती. कोरोतिमी म्हणाली, चढ, पण एक जरी भेंडी चिरडलीस तर पुढच्या ईदला तुझी पँट मी स्वतः तळून काढीन.

लासिनाने मात्र आडवा हात केला. धाब्यावर एवढं ओझं चढवायचं नाही म्हणाला. अलायने चारचौघांत, मुद्दाम मोठ्याने विचारलं, "का, मिस्त्री? धाबं कुणी घातलंय? कच्चं आहे का?"

धाबं लासिनानेच घातलं होतं. भोवती बारा-पंधरा माणसं हातात गरम भजी घेऊन उभी होती. लासिनाने छाती पुढे काढली.

"माझं धाबं," तो शेवटी म्हणाला, "तुला आणि तुझ्या बापाच्या कळपाला पेलेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी अलाय शिडीने वर गेला. वेळ त्याने नेमकी निवडली होती. दुपारच्या उन्हात ती मशीद भाकरीसारखी सपाट दिसायची, पण सकाळी ऊन बाजूने यायचं, प्रत्येक वाशाची लांब तिरकी सावली भिंतीवर पडायची, आणि मशिदीला नाक-डोळे असल्यासारखं वाटायचं. त्याने भेंडी बाजूला सारली, कॅमेरा डोळ्याला लावला. जागा जराशी उंच पडत होती. शिवाय आंब्याची एक फांदी उजव्या मनोऱ्यात घुसत होती. तो डावीकडे एक पाऊल सरकला, मग आणखी अर्धं. फांदी मनोऱ्यापासून सुटली, आकाशाची एक निळी फट मध्ये आली, आणि अलायचा उजवा पाय धाब्यातून खाली गेला.

खाली खोलीत कोरोतिमी पीठ घोटत होती. तिच्या समोर माती पडली, मग एक चप्पल, मग तिने पाहिलं तर छतातून मांडीपर्यंत एक पाय लोंबत होता. ती ओरडलीही नाही. तिने पिठाचं भांडं तेवढं बाजूला घेतलं.

लासिना धावत वर आला. अलाय एका मांडीवर बसल्यासारखा धाब्यात रुतला होता, पण कॅमेरा त्याच्या डोळ्यालाच होता.

"थांब, ओढतो तुला."

"हात लावू नकोस," अलाय म्हणाला. "उंची बरोबर आलीय."

खरंच आली होती. हातभर खाली गेल्यामुळे तो मनोऱ्यांच्या बरोबर मध्यावर आला होता, आणि रुतल्यामुळे हातही हलत नव्हता. लासिना गुडघ्यांवर बसला, त्याने ओळंबा भिंगापुढे धरला, एक डोळा मिटला आणि म्हणाला, डावीकडे केसभर. अलायने केसभर डावीकडे घेतलं. दोघं बराच वेळ तसेच होते, आणि तेवढ्या वेळात कुणी कुणाला चिडवलं नाही. खालून कोरोतिमीने विचारलं, की हा पाय इथेच राहणार असेल तर मी त्यावर काही वाळत घालू का.

फोटो चार निघाले. एकात ओळंब्याची दोरी मशिदीच्या मधोमध उतरली होती. तो लासिनाने घरी नेला आणि दारासमोर लावला. उरलेल्यांतला एक कॅलेंडरवर गेला. मनोरे ताठ, दोन्ही बाजूंना सारखी मोकळी जागा, वाशांच्या सावल्या, फांदी बाहेर. इमामसाहेब खुर्चीत नीट टेकून बसले आणि खूप वेळ बघत राहिले.

धाब्याचं भोक बुजवताना लासिनाने अलायकडून माती तुडवून घेतली. धाबं कच्चं होतं हे त्याने कबूल केलं नाही. भेंडीने वाळवी लागली, असं तो सांगत राहिला. पण पुढच्याच महिन्यात शेजारच्या गावच्या मशिदीचा फोटो काढायला अलायला बोलावलं, तेव्हा त्याच्या मोपेडच्या मागच्या सीटवर लासिना न सांगता येऊन बसला. गावाबाहेर गुरांचा कळप आडवा आला. अलायने मोपेड थांबवली आणि उतरून एका झाडामागे गेला. लासिनाने निमूटपणे काठी घेतली आणि गाई बाजूला हाकल्या.