मीठ घातलेला बर्फ

"डॉक्टर, वळू गेला," म्हात्रे फोनवर म्हणाला. म्हात्रे आमच्या पेणच्या दवाखान्यातला ड्रेसर, म्हणजे जनावरांची मलमपट्टी करणारा. मी रोह्याला लसीकरणाच्या कॅम्पवर होतो, तो गडब गावात. सकाळी तिथल्या हिराबाईंच्या वळूला हायवेवर ट्रकने उडवलं होतं.

आसपासचा हा शेवटचा गावठी वळू, बाकीचे सगळे बडवलेले, म्हणजे खच्ची केलेले. खाडीकाठच्या खारट गवतावर याच्याच कालवडी तग धरत. जर्सीचे कितीही लाड करा, वर्षभरात हाडं दिसायची.

मेलेल्या वळूच्या वृषणात बीज काही तास जिवंत राहतं. ते नुसतं गार ठेवायचं. पुढे लॅबमध्ये औषधात घालून ठरावीक वेगाने गोठवलं की वर्षानुवर्षं टिकतं. मी म्हात्रेला म्हटलं, "दोन्ही वृषणं काढ आणि बर्फात ठेव. मी निघालोच."

निघालोच म्हणजे काय! नागोठण्याला ट्रॅफिक. दोन तासांनी पोचलो. थर्माकोलची पेटी उघडली, तर आत एकच पिशवी. हात लावला, दगड!

"अरे, काय केलंस हे?"

"बर्फावर मीठ मारलं. मासळीला मारतो तसं. वळू पुरायच्या खड्ड्यात घालायला मिठाचं पोतं आणलेलंच होतं."

मी कपाळावर हात मारला. मीठ पडलं की बर्फ आणखी गार होतो. पेशीतल्या पाण्याच्या सुया होतात आणि पेशी फुटते. मासळी खायची असते, तिला चालतं. हे बीज जगवायचं होतं. पण मिठागरावर वाढलेल्या माणसाला 'बर्फात ठेव' एवढंच सांगणारा गाढव मीच.

"दुसरं कुठाय?"

म्हात्रेने हिराबाईंकडे पाहिलं. त्या खड्ड्याजवळ बसल्या होत्या, डोळे सुजलेले.

"एक दिलं ना, डाक्तर. दुसरं त्याच्यासंगती जाईल. त्याला अर्धा पुरू व्हय?"

दुसरं त्यांनी ओल्या फडक्यात गुंडाळून माठाला टेकवून ठेवलं होतं. गार, पण न गोठलेलं. म्हणजे हवं तसं!

मला मागायचीही लाज वाटली. "हिराबाई, तुम्ही दिलेलं वाया गेलं. चूक माझी. आता तेवढं एकच उरलंय."

त्यांनी फडकं उचललं. "याच्यातून त्याचं वासरू व्हईल?"

"होईलच असं नाही सांगत. होऊ शकतं."

"मग तो दगड द्या हिकडं. तोच पुरते. वळू पुरा गेला पायजे."

फडकं घेऊन मी थेट लॅब गाठली. बीज स्ट्रॉमध्ये भरलं, स्ट्रॉ म्हणजे रिफिलएवढी नळी. वृषणाचे बारीक तुकडेही लिक्विड नायट्रोजनमध्ये ठेवले. त्या बीजाने हिराबाईंची गाय भरवली. ती दोनदा उलटली, म्हणजे गाभच धरला नाही. तिसऱ्यांदा गाभण राहिली आणि खोंड झाला.

तेव्हापासून फोनवर बर्फ सांगायच्या आधी मी मीठ नको म्हणून सांगतो.

खोंड बघायला गेलो, तर हिराबाईंनी दारातच बजावलं, "ह्याला बडवायचा नाय, डाक्तर. आन् ह्याच्यासाठी परत बर्फ मागवायला लावू नका."