दुर्बिणीची बॅटरी आणि हरभऱ्याचं कुंपण

आमच्या घरात दुर्बीण बायकोची आणि बॅटरी माझी, अशी कामाची वाटणी आहे. ती चिखलीतल्या एका शाळेत विज्ञान शिकवते; आकाशात काय कुठे आहे ते तिला कळतं. मला कळत नाही. पण नवऱ्याला अगदीच रिकामं ठेवणं बरं दिसत नाही, म्हणून विजेचं खातं माझ्याकडे आलं. ते मी कसं सांभाळलं, याविषयी घरात दोन मतं नाहीत.

दुर्बीण म्हणजे एक नळी आणि तिच्यातून बघणारा एक डोळा, एवढंच मला वाटायचं. हिच्या दुर्बिणीला पोटही आहे. तारे सरकतील तसं तिला सरकवणारी मोटर, फोटो काढणारा कॅमेरा आणि भिंगावर दव बसू नये म्हणून गुंडाळायचा गरम पट्टा, सगळ्यांना वीज लागते. आमचं शेत अमडापूरजवळ. तिथला अंधार एकदम झकास, पण शेतातली लाईन आपल्या मर्जीने येते आणि आपल्या मर्जीने जाते.

हिला एकच फोटो हवा होता. मृगाच्या तीन ताऱ्यांच्या, म्हणजे आमच्याकडच्या तिकांड्याच्या, खाली एक तेजोमेघ आहे, त्याचा. त्यासाठी बराच वेळ एकामागून एक फोटो काढायचे आणि मग ते एकावर एक रचायचे. मधेच वीज गेली की दुर्बीण जागा विसरते आणि सगळं पहिल्यापासून. दोन हिवाळे ती या एका फोटोच्या मागे होती आणि दोन्ही हिवाळे मी आडवा आलो होतो.

सुरुवातीला मी घरातल्या इन्व्हर्टरची बॅटरी नेली. ती चालली, माझी पाठ चालली नाही. शिवाय उचलताना तिच्यातलं आम्लाचं पाणी सांडलं आणि पँटला अशी भोकं पडली की त्यांनाच हिने नक्षत्राचं नाव दिलं. मग गाडीच्याच बॅटरीवर भागवलं. पण ती बॅटरी गाडीला एक जोरदार धक्का देण्यासाठी असते, तासन् तास थोडं थोडं देण्यासाठी नाही. तासाभरात दुर्बीणही थांबली आणि गाडीही. मोठ्या भावाने ट्रॅक्टरला बांधून गाडी रस्त्याला लावली, आणि सगळ्या वाटेवर मागे वळून बघून हसला. पुढे फवारणीच्या पंपाची बॅटरी लावून पाहिली. हलकी, सुटसुटीत. मी खूश. थंडी वाढली, हिने दवाचा पट्टा चालू केला आणि मोटरने मान टाकली. फोटोत ताऱ्यांच्या शेवया झाल्या.

तेव्हा हिने मला समोर बसवून शिकवलं. पट्टाच सगळ्यात जास्त खातो. पाण्याच्या बॅटरीतलं निम्मंच वापरायचं, नाहीतर ती लवकर म्हातारी होते. लिथियमची घेतली तर वजन कमी आणि जवळजवळ शेवटपर्यंत सारखा जोर. आम्ही लिथियमची मागवली. पार्सल खामगावपर्यंत आलं आणि तिथेच रमलं. इकडे फेब्रुवारीची अमावस्या आली.

"यावेळी नाही झालं तर दुर्बीण शाळेच्या कपाटात ठेवून देते," ही म्हणाली. रागाने म्हणाली असती तर मी घाबरलो नसतो. भाजी चिरता चिरता म्हणाली.

म्हणून मी डोकं चालवलं. आमच्याकडे रोही, म्हणजे नीलगायी, आणि रानडुकरं हरभऱ्यात घुसू नयेत म्हणून शेताभोवती तार ओढून झटका मशीन लावतात. जनावराला चटका बसतो, ते मागे फिरतं. त्या मशीनची बॅटरी दिवसभर उन्हावर भरते आणि रात्रभर थोडं थोडं देत राहते. हिने सांगितलेले सगळे गुण तिच्यात होते! संध्याकाळी शेतात पोचल्याबरोबर मी ती काढून आणली.

"कुठून आणली हो?"

"शेतातलीच आहे."

अंधार पडला, दुर्बीण मृगावर लागली, मोटर मांजरीसारखी गुरगुरू लागली. पट्टाही गरम. ही हळूच म्हणाली, "आज होतं बहुतेक." मी माझ्या हुशारीवर खूश होऊन धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, बसलो.

आणि मागून टॉर्चचा झोत आला.

"उजेड बंद करा!" ही ओरडली.

तो माझा मोठा भाऊ होता, वहिनीसोबत गोठ्यावरून आलेला. आमच्याकडे भासरे, म्हणजे थोरले दीर, आणि धाकटी सून एकमेकांशी थेट बोलत नाहीत; लग्नापासून दोघांचं सगळं बोलणं माझ्यामार्फत चालतं. आणि आता हिने थेट हुकूमच सोडला होता. दादाने घाबरून टॉर्च उपरण्यात गुंडाळला.

"मशीनची टकटक बंद झाली म्हनून आलो," तो कुजबुजला. "झटक्याची बॅटरी कोनं काढली बे?"

"म्या."

"काऊन?"

"हिच्या फोटोले."

"घाटे भरले हायेत, अन् तू कुंपन बंद करून बसला? थ्या नाल्याकून रोज रोही येतेत! सबन हरभरा चारतं का त्याइले?"

आम्ही बसलोच आहोत तर जनावर कशाला येईल, असा माझा हिशेब होता. नाल्याकडचं टोक इथून दिसतही नाही, हे त्यात धरलं नव्हतं.

ही उठून आली. तिच्या आवाजातला मघाचा हुकूम गेला होता. "त्यांना म्हणावं, मला माहीत नव्हतं. काढा बॅटरी. पिकापुढे काय फोटो."

दादाने एकदा दुर्बिणीकडे बघितलं. मग मला म्हणाला, "तिले इचार, काढली तं काय होते?"

"सांगा, पहिल्यापासून करावं लागेल. तोवर मृग खाली जातो."

"अन् ठेवली तं?"

"अजून तासभर."

दोघं हातभर अंतरावर उभे, आणि मी मधे टपाल वाहतोय. शेवटी वहिनीच कंटाळल्या. "अवं माय, तासभर राखन नाही होत का आपल्यानं? मशीन नव्हती तवा कोन राखत होतं?"

"ठीक हाय," दादा म्हणाला. "आजची झटका मशीन तू बे. उचल डबा."

असा मी तेलाचा रिकामा डबा वाजवत हरभऱ्याभोवती फिरू लागलो. टॉर्च लावायची मनाई. दादा नाल्याच्या अंगाला, वहिनी मधल्या धुऱ्यावर "हाऽड! हुर्रऽ!" करत. दोनदा मी पाटात पडलो. एकदा नाल्याकडे काहीतरी मोठं हललं; मी जीव खाऊन डबा बडवला आणि किंचाळलो.

"मी हावो बे," अंधारातून दादा म्हणाला. "पन असाच वाजव. रोही काय, वाघ येनार नाही."

खरंच कोणी आलं नाही. आलं असेल तर माझं वाजवणं ऐकून गेलं.

"झालं!" हिची हाक आली तेव्हा माझा घसा बसला होता. लॅपटॉपवर घोंगडी धरून आम्ही चौघांनी डोकी आत घातली. तीन ताऱ्यांच्या खाली गुलाबी, पंख पसरल्यासारखा एक ढग होता. तारे शेवया नव्हते. ठिपके होते, अगदी मोहरीएवढे.

"हे आपल्या तिकांड्याखाली हाय?" दादाने विचारलं. "एवढी वर्सं पाह्यून राह्यलो, कधी दिसलं नाही."

"डोळा एवढा वेळ उजेड साठवत नाही, म्हणून," ही म्हणाली. माझ्याकडे न बघता. दादाने फक्त मान हलवली आणि पुन्हा स्क्रीनकडे बघत राहिला.

मी बॅटरी परत जोडली. टकटक सुरू झाल्यावरच वहिनी जेवायला चला म्हणाल्या. जेवताना ही सांगत होती, एप्रिलमध्ये सिंह राशीतल्या दीर्घिका चांगल्या दिसतील, पण त्यांना आणखी जास्त वेळ द्यावा लागतो. कपाटाचं नाव नव्हतं.

दादाने भाकरी मोडत ऐकलं. "एप्रिलात हरभरा निघून गेलेला रायते," तो मला म्हणाला. "तुमचं पार्सल नाही आलं तं झटक्याची बॅटरी घेऊन जा म्हना. फक्त काढायच्या आंधी सांगत जा बे."