काहूनचा रकाना

इंद्रभानला कोणाचं मन मोडवत नसे, आणि गावाला पाणी सोडणाऱ्या माणसाला याहून वाईट खोड नाही. शेलूबाजारजवळच्या त्या गावात वीस वर्षं तो पंचायतीची टाकी भरत होता, नळ सोडत होता. पाणी कधी येणार असं विचारलं की त्याचं उत्तर ठरलेलं, अर्ध्या तासात. पाइप फुटो, वीज जावो, अर्धा तास काही हलायचा नाही. बायकांनी मग आपला हिशेब बसवला होता. इंद्रभान अर्धा तास म्हणाला, की आजचा स्वयंपाक विहिरीच्या पाण्यावर. नळाची गुरगुर कानी पडल्याशिवाय कोणी हंडा उचलत नसे.

तक्रारी वाढल्या तेव्हा सरपंच रत्नमालाताईंनी त्याला बोलावून घेतलं. त्यांचा भाऊ विनोद पुण्याच्या एका कंपनीत कामाला. तिथे म्हणे वेबसाइटवर एक पानच असतं. काय बंद आहे, कधीपासून, काहून म्हणजे कशामुळे, आणि कधी सुरू होईल, सगळं गिऱ्हाइकाला त्यावर दिसतं. ताईंनी पंचायतीच्या भिंतीवर काळा फळा लावला, चार रकाने आखून दिले, आणि फळ्याचा फोटो गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकायचा असं बजावलं. यापुढे खोटं निघालं तर दुसरा माणूस नेमू, हेही सांगितलं. पन्नाशी उलटल्यावर इंद्रभानला दुसरं काम कोण देणार होतं?

पहिली सूचना त्याने दोन दिवस आधी लिहिली. मंगळवारी टाकी धुणे, आठ ते बारा पाणी बंद. गावाने त्यातलं 'बंद' तेवढं मनावर घेतलं. सोमवारी हंडे भरले, बादल्या भरल्या, एकाने तर पंगतीची कढई भरून ठेवली. मंगळवारी टाकी धुवायला गेला तर ती आधीच कोरडी. उपसायची मेहनत वाचली, म्हणून इंद्रभानला फळ्याची गोडी लागली.

आणि सगळ्यात जास्त गोडी लागली ती तिसऱ्या रकान्याची. काहून? दौलतसिंगच्या नांगरानं पाइप तोडला. काहून? गोमतीबाईच्या म्हशीनं तोटी उपटली. लोक सकाळी चहा घेऊन फळ्यापाशी येत आणि आज कोणाचं नाव लागलं ते वाचत. दौलतसिंगने दोन दिवस रामराम बंद केला. चौथ्या रकान्यातल्या वेळेवर मात्र कोणी विश्वास ठेवत नसे. वीस वर्षांची सवय अशी फळ्याने जात नाही.

एप्रिलातल्या एका सोमवारी इंद्रभान मोटर चालू करून शेलूबाजारला दाढी करायला गेला. तिथे एक पाहुणा भेटला, चहा झाला, गरम भजी झाली, पाहुण्याच्या पोरीच्या सोयरिकीची सगळी चर्चा झाली. इकडे टाकी भरणाऱ्या विहिरीचं पाणी तळाला गेलं आणि मोटर कोरडी फिरून जळाली. दुरुस्तीवाल्याने गुरुवारचा वायदा दिला. चार दिवस नळ कोरडा राहणार होता.

इंद्रभानने खडू उचलला. काहूनच्या रकान्यात लिहिलं, लाईट कमीजास्त झाली. लाईटवर ढकललेलं कोणीही मानतं, त्याला पुरावा लागत नाही. तेवढ्यात गोमतीबाई आली. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून तिने त्यालाच वाचायला लावलं. ऐकून तिने लाईटवाल्यांना मनसोक्त शिव्या घातल्या. मग जाता जाता थांबली.

"माह्या म्हशीचं नाव तू लिवलं तवा मले लय राग आला होता. पन खरं होतं ना बाप्पा. आता दोन दाव्यानं बांधून ठेवली तिले."

ती गेली. इंद्रभानला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्या बाईच्या म्हशीलाही त्याने सोडलं नव्हतं, ती त्याच्या खोट्यासाठी भलत्यालाच शिव्या देत निघाली होती. दुसरा माणूस नेमायला पंचायतीला आता एवढंच कारण पुरलं असतं, हे त्याला कळत होतं. तरी त्याने तळहाताने ओळ पुसली आणि लिहिलं, 'इंद्रभान मोटर चालू ठेवून बाजारात गेला.' चौथ्या रकान्यात, 'गुरुवारी पाच वाजता.' फोटो टाकला आणि फोन पालथा ठेवून दिला.

रत्नमालाताई फळा वाचून एवढंच म्हणाल्या की गुरुवारी पाचला पाणी आलं तर पाहू. दौलतसिंग आला, दोनदा वाचलं, मनापासून हसला आणि त्याला रामराम घालून गेला.

गुरुवारी दुपारी मोटर आली. विहिरीत सोडून जोडता जोडता साडेचार झाले, आणि पाइपाच्या जोडाला गळती लागली. जोड पुन्हा खोलावा लागणार होता. पाचला काही जमत नव्हतं. इंद्रभान घामाघूम होऊन फळ्याकडे धावला आणि पंचायतीसमोरच्या चौकात थबकला. नळासमोर हंड्यांची रांग लागली होती. नळ कोरडा होता, गुरगुर नव्हती, तरी अख्खं गाव त्याच्या पाचावर येऊन उभं होतं. असं वीस वर्षांत घडलं नव्हतं. त्याला रडूच आलं.

त्याने पाच पुसून साडेपाच लिहिलं, काहूनमध्ये जोड गळतो असं लिहिलं, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचून दाखवलं. रांगेत कुजबुज झाली. एकीने हंडा उचलून कमरेवर घेतला.

गोमतीबाईने आपला हंडा पालथा केला आणि त्यावर ऐसपैस बसली.

"ठेव वं खाली," ती त्या बाईला म्हणाली. "साडेपाच म्हंते त साडेपाच."