कोंबड्यांना लागलेली नजर

काल गावी, रामाकोन्याला घरी गेलो आणि आईच्या कोंबड्यांसाठी जंताचं औषध पाण्यात कालवलं. हे औषध द्यायचं मला पुढे आईनंच शिकवलं. पण तो कडवट वास नाकात गेला आणि लहानपणीचा राग तसाच्या तसा वर आला.

तेव्हा आमच्या कोंबड्या झुरत होत्या. तुरे फिकट पडले होते, छातीचं हाड हाताला टोचायचं. उकिरडा उकरणाऱ्या कोंबड्यांना जंत होतात, हे घरात कोणाला ठाऊक नव्हतं. आत्यानं मात्र कारण शोधलं होतं, शेजारच्या विधवा जनाकाकू.

"तिचीच नजर लागून राहिली," असं ती गल्लीभर सांगायची. काकूंनी आमच्या अंगणात येणंच सोडलं.

एका दुपारी पाहुण्यांसाठी कोंबडी कापली. आतडं चिरलं, तर आत शेवयांसारखे पांढरे जंत वळवळत होते.

"पाहा बाई, नजर नाई, जंत हायेत हे," आई आत्याला म्हणाली.

"मंग जंत तरी कायच्यानं झाले? तिच्याच नजरेनं ना!"

आईनं हात धुतले आणि तडक कुंपणापाशी जाऊन हाक मारली, "जनाकाकू, या ना चहा प्याले. कोंबड्यायले जंत झाले होते."

काकू आल्या. पण कोंबड्या समोर येताच त्यांनी डोळ्यांवर पदर ओढला आणि भिंतीकडे तोंड करून बसल्या.

आत्या हसली. "पाय, तिले सोतालेच मालूम हाये."