कुत्र्यांचं माहेरपण

मी बसलो ती जागा एका कुत्रीची होती. आता मला काय माहीत? बंगळूरजवळ, होसकोट्याच्या पुढे रागीच्या शेतात एक कौलारू घर, पडवीत बाज, बाजेवर स्वच्छ घडी घातलेली चादर. पाहुण्यांसाठीच असणार, म्हणून टेकलो. तर एक उंच, निमुळत्या तोंडाची कुत्री समोर येऊन उभी राहिली. भुंकली नाही. बसमध्ये बायकांच्या सीटवर बसलेल्या पुरुषाकडे बायका बघतात, तशी बघत राहिली.

आतून आवाज आला, "उठा सर. तिचं आहे ते. तुम्ही पायरीवर बसा स्वल्प."

अक्कांची नि माझी ओळख झाली ती ही अशी, माझ्या उठण्यापासून. साठी ओलांडलेल्या, काटक, साडीचा पदर कमरेला खोचलेला. घराणं मराठी, पण इतक्या पिढ्या बंगळूरकडे गेलेल्या, की वाक्य मराठीत सुरू व्हायचं आणि कन्नडात जाऊन बसायचं. त्या मुधोळ कुत्री पाळायच्या. लांब पाय, खपाटीला गेलेलं पोट, वाऱ्यासारखी पळणारी ती आपली देशी जात. आजोबांपासून त्यांच्या घरी त्याच कुत्र्यांचा वंश चालत आलेला.

मी पिल्लू मागितलं. त्या म्हणाल्या, "सरी." म्हणजे बरं. "आधी घर बघू."

हे त्या सगळ्यांनाच म्हणायच्या. मोठा साहेब असो की शेजारचा शेतकरी. मग रविवारी त्या व्हाइटफील्डला आमच्या फ्लॅटवर आल्या, बाल्कनीचा कठडा हलवून बघितला, जेवल्या, आणि बायकोला विचारलं, "हे ऑफिसातून कधी येतात?"

"त्याचा काही नेम नसतो," बायको म्हणाली.

"मग पिल्लू तुम्हाला देते. यांना नाही."

असा आमच्या घरी बाजी आला. कागदोपत्री अजूनही तो बायकोचाच.

देताना एकच अट. पंचमीला आणायचं. आपल्याकडे नागपंचमीला लेकी माहेरी येतात ना, तशी अक्कांनी दिलेली सगळी कुत्री त्या दिवशी त्यांच्या अंगणात यायची. मालकांसकट. माणसांना लाह्या, लाडू आणि चिंचेच्या झाडाला बांधलेला झोका. कुत्र्यांना रागीचे मुद्दे, म्हणजे नाचणीच्या पिठाचे शिजवलेले गोळे, आणि मटणाचं पाणी. मी पहिल्या वर्षी चेष्टेत म्हटलं, "अक्का, आमचा तर मुलगा आहे. त्याला कसलं माहेर?"

"माहेर काय पोरींनाच असतं? तुम्हाला नको असेल तर तुम्ही येऊ नका. त्याला पाठवा."

आणि मग नियम कडक झाले. कुत्र्यांची पैदास करायची तर परवाना हवा, परवान्यासाठी तपासणी, आणि तपासणीत नापास झालात तर पिल्लं काढणं बंद. आसपासचे पाळणारे अक्कांच्या पडवीत जमले. यशवंतपूरकडचे एक गृहस्थ सगळ्यात मोठ्यानं बोलत होते, "हा अन्याय आहे! आम्ही जगायचं कसं?"

"अण्णा, तू ओरडू नको," अक्का म्हणाल्या. "तुझ्याकडं पिंजऱ्यावर पिंजरा आहे. एकेक कुत्री वर्षभर बाळंतीण. तुझ्यासाठीच केलाय तो कायदा. बरं केलं."

पण सगळे गेल्यावर त्या माझ्याशी हळू आवाजात बोलल्या. "माझ्याकडं पिंजरेच नाहीत सर. त्याचंच भ्या वाटतंय. ते येऊन मोजणार काय? आणि लिहून ठेवायची मला सवय नाही. आजोबांपासून आलेलं, माझ्या हातानं बंद व्हायला नको."

तपासणीची तारीख आली. नेमकी पंचमी.

आम्ही सगळ्यांनी विनवलं. या वर्षी जमणं पुढं ढकला. एवढी कुत्री एकदम दिसली तर तपासणीला येणाऱ्या बाई दारातूनच परत जातील.

अक्कांनी माझ्याकडे बघितलं. "तुम्ही कुठल्या बाईला सांगून बघा, पंचमीला माहेरी येऊ नको म्हणून. मग मला सांगा."

तेव्हा त्या दिवशी काय झालं असेल, बघा. अंगणभर कुत्री, रस्त्यापर्यंत गाड्या, झोक्यावर एक आयटीवाला आणि त्याच्या मांडीत बसायला बघणारी त्याची कुत्री. त्यात तपासणीच्या डॉक्टरीणबाई उतरल्या. चष्म्याच्या, गंभीर. सगळं बोलणं कन्नडात, मी आपलं मराठीत सांगतो.

"यातली तुमची किती?"

"सगळी," अक्का म्हणाल्या.

मी डोळे मिटले.

बाईंनी घर बघितलं. बाळंतिणीची वेगळी उबदार खोली बघितली, तिथं चपला काढून आत गेल्या. "बाकीची झोपतात कुठं?"

अक्कांनी हॉल दाखवला.

"आणि तुम्ही?"

"जागा उरली तर मी पण इथंच."

माद्यांची वयं, लशी, दात, पाय सगळं तपासून झालं. मग बाई बाहेर आल्या. "आता शेवटचं. बहुतेक लोक इथंच अडकतात. दिलेल्या पिल्लांची वर्षातून एकदा तरी खबर घ्यावी असा नियम आहे. तुम्ही घेता?"

"खबर म्हणजे?"

"म्हणजे ती कुठं आहेत, नीट आहेत का, हे तुम्हाला कसं कळतं?"

अक्कांना प्रश्नच समजेना. त्यांनी अंगणाकडे हात केला.

"जेवायला येतात की."

बाईंनी अंगणाकडे बघितलं. एकेका कुत्र्याजवळ गेल्या, मालकांना विचारत राहिल्या. कुठून आलात? कधी घेतलं? दर वर्षी येता? सगळे एकदम बोलू लागले. मी तर बाजीचं तोंड उघडून दात दाखवायला लागलो, कुणी विचारलं नसताना. तेवढ्यात अक्कांनी शेताच्या बांधावर जाऊन शीळ घातली आणि सगळे पट्टे आमच्या हातातून सुटले. मोकळ्या ठेवलेल्या तुकड्यावरून ती जात जी पळाली! डॉक्टरीणबाई चष्मा काढून बघत होत्या. परत फिरलेल्या प्रत्येकाला अक्का नावानं हाक मारत होत्या आणि एकही नाव चुकत नव्हतं.

"परवाना मिळेल," बाई म्हणाल्या. "पण अक्का, पुढच्या पंचमीला मला पण बोलवा. तपासणीला नाही."

"सरी," अक्का म्हणाल्या. "पण आधी घर बघू तुमचं."

अंगणात जो आरडाओरडा झाला, त्यात माणसं किती आणि कुत्री किती, हे सांगणं कठीण. अक्कांचं काय होतं ते बघायला आलेल्या यशवंतपूरच्या अण्णालाही मी टाळ्या वाजवताना पाहिलं.

निघताना अक्कांनी बायकोला आत बोलावलं. ती बाहेर आली तेव्हा हात हिरव्या बांगड्यांनी भरले होते. गाडी वळली तेव्हा आरशात अक्का फाटकात उभ्या दिसल्या, हात हलवत, आजूबाजूला सगळ्या शेपट्या.

मी वाटभर बोलत होतो, कायदा, परवाना, विजय. बायको मागच्या सीटवर बाजीचं डोकं मांडीवर घेऊन बांगड्या बघत बसली होती. तिची आई गेल्यापासून पंचमीला तिला कुणी बांगड्या भरल्या नव्हत्या, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं.

व्हाइटफील्डच्या सिग्नलला ती म्हणाली, "पुढच्या वर्षी बाजी आला नाही तरी मी जाणार आहे."