रानअंजिराची माळ

"कोण कुणाच्या पोटात नांदतं, ते विचारल्याशिवाय कुऱ्हाड उचलू नये," असं आत्या उठता-बसता म्हणायची. अंजिराच्या बागेत तिची चाळीस वर्षं गेली. नात्यानं ती कुणाचीच आत्या नव्हती, पण अख्खी बाग तिला आत्या म्हणायची आणि तिच्या तोंडाला भ्यायची.

कुंपणाशी रानअंजिराचं एक झाड होतं. त्याची फळं भेंडासारखी कोरडी, माणसाच्या काहीच कामाची नाहीत. उन्हाळा चढला की आत्या पहाटे ती तोडायची, चार-चार दोऱ्यात ओवायची आणि बागेतल्या झाडाझाडाला माळ अडकवायची. ऊन तापलं की त्या फळांच्या डोळ्यातून, टोकाच्या बारीक छिद्रातून, तिळाएवढ्या काळ्या माश्या निघायच्या. अंगभर पराग माखलेल्या त्या माश्या गोड अंजिरांत शिरायच्या, तेव्हा कुठे फळ धरायचं.

थोरले मालक गेले आणि धाकटे आले. पहिल्याच उन्हाळ्यात ते कुंपणाशी येऊन थांबले.

"आत्या, हे झाड तोडायचं. किड्यांचं घर नुसतं! गिऱ्हाइकानं बघितलं तर काय म्हणेल?"

"म्हणेल, यंदा अंजीर का नाही?"

"एवढ्याशा माशीवर माझी बाग चालते होय?"

"मग काय तुमच्या इस्त्रीच्या शर्टावर चालते?"

मागे बागेत कामाला असलेल्या बायका खुदकन हसल्या. मालकांचे कान लाल झाले. "लाकूडतोड्याला उद्याच बोलावतो."

आत्या जागची हलली नाही. एक गोष्ट तिला फार वर्षं सलत होती. माशी यायची ती अंडी घालायला, पण गोड अंजिरात तिला ती घालताच येत नसत. आत शिरताना पंख दारातच गळायचे, परतीची वाट उरायची नाही, आणि फळ तिला आतल्या आत जिरवून टाकायचं. चाळीस वर्षं ही फसवणूक आत्याच्या हातानं चालली होती. त्या पोरीला फसवायचं आणि वर ती जिथं जन्मते ते रानअंजिराचं माहेरही तोडायचं? एवढी ती बेइमान नव्हती.

"वाऱ्याच्या उलट्या अंगाची, माशी आपणहून पोचत नाही ती टोकाची चार झाडं," ती म्हणाली, "त्यांना यंदा माळ नाही. तीन आठवडे थांबा. फळ टिकलं तर कुऱ्हाड मी स्वतः आणून देते आणि काम सोडते."

मालक हसले. "शब्द फिरवू नका हं."

"शब्द फिरवायचं वय तुमचं. माझं गेलं."

रोज सकाळी मालक त्या चार झाडांकडे जात. पहिले काही दिवस फळं हिरवीगार होती. बायका कुजबुजायला लागल्या, आत्या जेवण टाकून उठू लागली. पण माळ बांधायला तिचा हात गेला नाही. मग फळं पिवळी पडली, सुरकुतली आणि गळू लागली. तिसऱ्या आठवड्यात चारही झाडांखाली नुसता सडा होता. बाकीची बाग फळांनी वाकली होती.

तीन आठवडे भरले त्या दिवशी लाकूडतोड्या त्या चार झाडांपाशी हजर झाला. मालकांनी त्याला हातानंच थांबवलं. मग घसा खाकरून म्हणाले, "झाड राहू दे, आत्या. पण बायकांसमोर मला बोललात, त्याची माफी मागा."

"झाडाची तुम्ही मागा. मग माझं बघू."

तिनं डोक्यावरचा पदर घट्ट केला, टोपली काखेत मारली आणि कुंपणाच्या वाटेनं चालू लागली. गळालेल्या फळांत उभे असलेले मालक बघत राहिले. त्यांच्या शेजारी, कुऱ्हाडीचा दांडा जमिनीला टेकून, लाकूडतोड्याही बघत होता.