बॉनेट कुणी उघडलं?

गॅरेजात जुने नटबोल्ट डब्यात साठतात, तसे किस्सेही साठतात. कुठला कुठल्या गाडीचा ते आठवत नाही, पण फेकून द्यायला जीव होत नाही. आमच्या गुलाब मिस्त्रींच्या गॅरेजात तर नट शोधायला अर्धा दिवस जायचा आणि किस्सा मात्र मागायच्या आधी हजर!

गॅरेज वारूळवाडीच्या रस्त्याला. काळ नव्वदच्या दशकातला. गुळगुळीत नव्या गाड्या नारायणगावात दिसायला लागल्या होत्या, पण आमच्या टोळक्याला त्यांचं काडीचं कौतुक नव्हतं. आप्पांची वडिलांच्या वेळची अँबॅसिडर, कापडवाल्या शांतीशेठची पद्मिनी आणि घोडेगावच्या दगडूभाऊंची जीप. मी शाळेत भूगोल शिकवायचो आणि माझ्याकडे होती स्कूटर. त्यामुळे आप्पांचा माझ्यावर पहिल्यापासून संशय. "ज्याच्याकडं गाडी न्हाई, तो रोज गॅरेजात कशाला बसतो?" याचं समाधानकारक उत्तर मला अजून सापडलेलं नाही.

जुन्या गाडीवाल्याला एकच मोठी भीती असते, आगीची. रबरी पाइप म्हातारे होतात, वायरींची सालं निघतात. पेट्रोलचा थेंब तापलेल्या सायलेन्सरवर पडला की खेळ खल्लास. आमचे निम्मे किस्से आगीचे. आणि उरलेले निम्मे, आग कुणी लावली याचे!

*

पहिली आग आप्पांच्या अँबॅसिडरला लागली. येडगाव धरणाकडे चाललो होतो. आप्पा, मिस्त्री आणि मी. बॉनेटच्या फटीतून धूर यायला लागला. आप्पांनी गाडी कडेला घेतली, आम्ही उड्या मारल्या. आप्पांनी घाईने बॉनेट उघडलं तर आत आग.

तेवढ्यात एक भला माणूस पाण्याची कळशी घेऊन पळत आला आणि त्याने ती इंजिनावर रिकामी केली. पेट्रोल पाण्यावर तरंगत खाली उतरलं आणि आग सरपटत थेट त्याच्याच सायकलीकडे निघाली!

मिस्त्री ओरडले, "पाणी नगं! माती टाका, माती!" शेतातली माणसं धावली, पाट्यांनी माती पडली, आग विझली. पुढचा भाग काळाठिक्कर झाला, पण गाडी वाचली.

मिस्त्रींनी पाइप हातात घेऊन सांगितलं, "आप्पा, म्हातारा झालता. तडकला."

आप्पांनी पाइप उन्हात धरून बघितला. "पाइप आपोआप तडकत न्हाई," ते म्हणाले. "काल माझं बॉनेट कुणी उघडलं व्हतं?"

काल बॉनेट शांतीशेठने उघडलं होतं. गॅरेजातच, सगळ्यांसमोर. काय बघत होता ते त्याचं त्यालाच ठाऊक. विचारलं तर म्हणाला, "सहज बघत व्हतो."

"कापडवाला सहज इंजिन बघतो व्हय?" आप्पा म्हणाले. आणि त्या दिवसापासून ते शेठशी बोलायचे बंद झाले.

हे दोघं पहिलीपासून एका बाकावर बसलेले. एकाच्या घरी लग्न असलं की दुसरा मांडवाला खड्डे खणायचा. असली दोस्ती एका फुटक्या पाइपापायी तुटावी याचं मला फार वाईट वाटायचं. आप्पांचा रागही यायचा. पण दोघांपैकी गॅरेज कुणीच सोडेना. बाकावर एका टोकाला आप्पा, दुसऱ्या टोकाला शेठ आणि मधे मी.

"गुरुजी, आप्पाला सांगा, चहा गार व्हतोय."

"गुरुजी, त्याला सांगा, मला दिसतंय!"

*

आग लागली की संशय एकट्या आप्पांनाच यायचा असं नाही. दगडूभाऊंचं ऐका.

खंडेनवमीला आपल्याकडे हत्यारं-अवजारं पूजतात. दगडूभाऊंनी जीप धुतली, बॉनेट उघडलं, इंजिनाला हळदकुंकू वाहिलं, कार्बोरेटरला झेंडूची माळ घातली आणि वर कापूर पेटवून आरती ओवाळली. कार्बोरेटर तेव्हा बारीक गळत होता. पुढचं तुम्हाला कळलंच असेल.

त्यांच्या बायकोने धुणं टाकून ओली गोधडी आणली आणि इंजिनावर झाकली. आग गुदमरून विझली. जळाली फक्त माळ आणि दगडूभाऊंच्या भुवया.

दगडूभाऊ दुसऱ्या दिवशी गॅरेजात आले ते दबक्या आवाजात बोलत. "नजर लागली, मिस्त्री. गल्लीतल्याच कुणाची तरी हाय. आता नाव काढतोच!"

बायकोही सोबत आली होती. ती म्हणाली, "नजर कुणाची? आरती तर तुमीच ओवाळली!"

मिस्त्रींनी गॅरेजच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवलं : देवाला कापूर, इंजिनाला फडकं.

*

आप्पांची जळकी गाडी मिस्त्रींनी पुन्हा उभी केली. जळल्या गाडीत सगळ्यात कटकटीचं काम वायरिंगचं. वरून साबूत दिसणारी वायरही आतून भाजलेली असते, म्हणून सगळं उपटून नवं टाकावं लागतं. मिस्त्रींनी लाल, हिरव्या, पिवळ्या वायरींची भेंडोळी आणली.

आप्पा समोर स्टूल टाकून बसले होते. "रंगीत नगं," ते म्हणाले. "रंग बघून कुणीबी कापील. सगळ्या काळ्या टाका."

"अवो आप्पा, मग मला तरी कसं कळायचं?"

"तुमाला कळायलाच पायजे असं कुठं हाय?"

मिस्त्रींनी हात टेकले. सगळ्या वायरी काळ्या टाकल्या. पंधरवडाभर बसून एकेक वायर जोडली. मग आप्पांनी चावी फिरवली, गाडी सुरू झाली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आप्पांनी खुशीत हॉर्न दाबला आणि वायपर फिरायला लागले!

मिस्त्री डोक्याला हात लावून खाली बसले. आप्पा मात्र खूश. "ऱ्हाऊ द्या तसंच," ते म्हणाले. "चोराला हॉर्न सापडायचा न्हाई."

*

मग एकदा गाडीतून जळका वास यायला लागला. वायर कुरतडलेली निघाली. "कुरतडलेली न्हाई, कापलेली," आप्पा म्हणाले.

मिस्त्रींनी हात घालून इंजिनाच्या मागून उंदराचं घरटं बाहेर काढलं. आप्पा गाडी कांद्याच्या वखारीला लावायचे, त्यामुळे घरट्यात कांद्याची सालं, काथ्या आणि निळ्या पट्ट्यापट्ट्यांच्या कापडाच्या चिंध्या. असलं सुकं घरटं गरम सायलेन्सरला टेकलं तर काय होईल ते सांगायला नको.

आप्पांनी चिंधी उचलली. "हे कापड शेठच्या दुकानातलं!"

"आप्पा, अख्ख्या नारायणगावाचं कापड शेठच्या दुकानातलं आहे," मी म्हणालो.

"तेच म्हणतो मी! ह्या माणसाचा हात कुठंवर पोचलाय बघा!"

आप्पा पुरावा म्हणून ती चिंधी घरी घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी परत आले ते चिंधीशिवाय. फार खोदून विचारल्यावर कळलं. आप्पांची बायको म्हणजे आमच्या काकू. त्यांनी चिंधी बघितली आणि म्हणाल्या, "आगं बया, तुमची इजार सापडली का!"

*

मिस्त्रींनी सगळ्यांना सांगितलं, गाडीत आग विझवायचं लाल नळकांडं ठेवा. शेठने ठेवलं, दगडूभाऊंनी ठेवलं. आप्पांनीही पुण्याहून आणलं, पण त्यांच्या चेहऱ्यावर समाधान नव्हतं.

"आत काय भरलंय कुणाला म्हाईत? हवाच असली तर?"

"आप्पा, काटा हिरव्यावर हाय. भरलेलं हाय."

"काटा काय, कुणीबी चिकटवील!"

एवढं म्हणून त्यांनी भर गॅरेजात पिन ओढली आणि दांडा दाबला. फुस्स्! पांढऱ्या भुकटीचा असा काही लोट उठला की कुणाला कुणी दिसेना. खाली बसला तेव्हा मिस्त्री, शेठ, मी, चहाचे ग्लास, सगळं पांढरंफटक. गिरणीत उभं राहिल्यासारखं.

आप्पांनी नळकांडं हलवून बघितलं. पार रिकामं. मग ते फडक्याने नीट पुसून त्यांनी परत आपल्या सीटखाली ठेवलं.

मी म्हणालो, "अहो, आता ते कशाला ठेवताय?"

"आता खात्री झाली ना! एकदम चांगलं निघालं."

*

संशयाने माणसाचं नुकसान होतं असं म्हणतात. पण त्याने आप्पांचा एकदा फायदाही करून दिला.

बॉनेट कुणी उघडू नये म्हणून आप्पांनी त्याला साखळी लावली, साखळीला कुलूप आणि चावी घरात देव्हाऱ्यामागे. एक दिवस गॅरेजसमोर गाडी उभी होती. आप्पा तिला टेकून मिस्त्रींशी वाद घालत होते. शेठ बाकावरून ताडकन उठला.

"गुरुजी, आप्पाला सांगा, गाडी पेटली!"

आप्पा हाताच्या अंतरावर उभे. तरी माझ्याकडेच बघून म्हणाले, "त्याला इचारा, त्याला कसं कळलं?"

तोवर बॉनेटमधून भकाभका धूर. आप्पा धोतर सावरत चावी आणायला घराकडे पळाले. मिस्त्रींनी आम्हाला लांब ढकललं आणि एक गोणपाट भिजवून तयार ठेवलं. आप्पा धापा टाकत परत आले तोवर धूर विरळ झाला होता. आप्पांनी उघड्या हातानेच तापलेलं कुलूप काढलं, मिस्त्रींनी हाताला फडकं गुंडाळून बॉनेट बोटभर उचललं आणि फटीतून ओलं गोणपाट आत ढकललं. संपलं.

"नशीब तुमचं, आप्पा," मिस्त्री म्हणाले. "लोकं घाबरून सटकन बॉनेट उघडतात. हवा लागली की आग तोंडावर येती. बंद ऱ्हायलं म्हणून आतल्या आत गुदमारली. टाकीतबी पेट्रोल नसल्यागत हाय."

टाकीत पेट्रोल नव्हतं, कारण कुणीतरी नळी लावून चोरील म्हणून आप्पा ते थोडंथोडंच भरायचे!

आप्पांनी आमच्या सगळ्यांकडे एकेक करून बघितलं. "संशय करू नका म्हणत व्हता ना?"

त्यानंतर कितीतरी दिवस आम्हाला आप्पांपुढे तोंड उघडायची सोय राहिली नाही. शेठ तेवढा त्या दिवशी जाताना मला म्हणाला, "गुरुजी, आप्पाला सांगा, हात दाखव म्हणावं. भाजला असंल." मी सांगितलं. आप्पांनी हात धोतरात लपवला.

*

आता शेवटचा.

आप्पा बेल्ह्याच्या बैलबाजाराला दर आठवड्याला जायचे. बैल घ्यायचे नसले तरी जायचे. एक दिवस शाळेला सुट्टी होती, तर मला घ्यायला गाडी दारात.

"गुरुजी, चला. साक्षीदार पायजे."

"कशाला?"

"पद्मिनी माझ्या मागं असती. मी निघालो की निघती, मी थांबलो की थांबती. कापडवाल्याला बैलबाजारात काय काम? आज रंगेहात धरतो."

मला वाटलं, नेहमीचंच. पण आळेफाट्याला वळलो आणि आरशात बघतो तर खरंच पद्मिनी! बऱ्यापैकी अंतर ठेवून. आप्पांनी टपरीवर चहाला गाडी थांबवली. मागे पद्मिनी थांबली, शेठ उतरला आणि रस्त्याकडेच्या बाईकडून पेरू घ्यायला लागला. आम्ही निघालो, तो निघाला. आता मात्र माझ्याही मनात पाल चुकचुकली. पहिल्या आगीच्या आदल्या दिवशी हा बॉनेटमधे काय बघत होता, हे याने कधीच सांगितलं नव्हतं.

बाजारात आप्पा गाडी लावून गर्दीत शिरले आणि एका टेम्पोआडून बघत राहिले. शेठ आला. पांढरे कपडे, नाकाला रुमाल. बैलांच्या गर्दीत उभा, पण नजर एकाही बैलाकडे नाही. नजर आप्पांच्या अँबॅसिडरच्या बॉनेटवर!

आप्पा वाघासारखे बाहेर आले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा, मला मधे न घेता बोलले.

"डिकी उघड."

शेठ दचकला. "ऱ्हाऊ दे ना, आप्पा."

"का? काय हाय आत? पेट्रोल हाय का काडेपेटी?"

"लोकं बघायला लागलीत. चल घरी, तिथं बोलू."

"लोकांनाबी बघू दे!"

लोक जमलेच होते. व्यापारी बैलांचे दोर हातात धरून उभे राहिले. शेठने एकदा माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं. शेवटी त्याने चावी काढली आणि स्वतःच डिकी उघडली.

आत वाळूने भरलेली दोन पोती. एक पत्र्याचं घमेलं, त्यात पाण्यात बुडवून ठेवलेली गोणपाटं. पाणी अजून हिंदकळत होतं. आणि भाजू नये म्हणून हातात घालायचे जाडजूड मोजे.

एक व्यापारी हसला. "शेठ, कापड सोडून वाळूचा धंदा धरला काय?"

शेठ हसला नाही. आप्पांनी घमेल्यात हात घातला, एक गोणपाट उचललं, बराच वेळ नुसतं धरून ठेवलं. त्यांच्या धोतरावर पाणी गळत होतं.

"हे कुणासाठी?"

"माझी पद्मिनी कुठं पेटती?" शेठ म्हणाला.

आप्पांनी गोणपाट परत घमेल्यात ठेवलं, पाण्यात नीट दाबलं आणि डिकी लावली. बाजारात त्यांनी त्या दिवशी एकही बैल बघितला नाही. आम्ही गाडीत बसलो. आप्पांनी चावी फिरवली.

बेल्ह्याच्या बाहेर रस्ता लागल्यावर त्यांनी आरशात बघितलं. थोडं पुढे जाऊन परत बघितलं. मग गाडीचा वेग कमी केला, खिडकीची काच खाली केली, अर्धं अंग बाहेर काढलं आणि मागे वळून ओरडले,

"शेठ, लई मागं ऱ्हाऊ नको!"